जनूमामांनी न पाहिलेले वर्ल्डकप

भारत वर्ल्डकपच्या फायनलला पोचला की आमच्या शेजारचे जनूमामा घर सोडायचे. थेट आमच्या बोईसरकडच्या माहीमच्या किनाऱ्यावर, बोंबील सुकवायला बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या वलांडीखाली.

"मी बगितला का आपले हरतेत," एवढंच म्हणायचे. पुरावा एकच, दोन हजार तीनची फायनल. ती त्यांनी पहिल्या चेंडूपासून पाहिली आणि हरल्याचा सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. अकरा खेळाडू राहिले बाजूला! मी बोईसरच्या कारखान्यात मशिनं सांभाळणारा माणूस, मला असल्या गोष्टींचा भारी संताप येतो. म्हटलं, "अहो मामा, आफ्रिकेतल्या चेंडूला माहीमचा जनू काय ठाऊक?"

"त्याला ठाव हाय."

वर्ल्डकपचा सगळा इतिहास त्यांनी असाच लावला होता. त्र्याऐंशीला जिंकलो, कारण तेव्हा गल्लीत टीव्हीच नव्हता. दोन हजार अकराला जिंकलो, कारण मामा वलांडीखाली होते. चौदाला वीस षटकांच्या फायनलला ते बाहेर असूनही हरलो, तर म्हणे वाऱ्याबरोबर कुणाचा तरी टीव्ही कानावर आला!

खरी क्रिकेटवेडी हिरामामी. दोघा नवराबायकोंना मूलबाळ नाही. मामी पलंगावर बसून मॅच बघायची आणि शेजारी मामांसाठी खुर्ची मांडून ठेवायची. "एक तं फायनल बसा ना माझ्याबरोबर," दर वेळी म्हणायची. पण दोन हजार तीनला ती पदर तोंडाला लावून रडली होती, ते मामांच्या जिवाला लागलं होतं. तिला पुन्हा रडताना बघायचं नव्हतं त्यांना.

तेवीसच्या फायनलला मामी अंथरुणाला खिळलेली. तिने मलाच पिटाळलं, "जा, त्यांना घेऊन ये." किनाऱ्यावर मामा दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर टाकत होते.

"मामी बोलावतेय. खुर्ची मांडलीय."

"तिला सांग, जिंकले का येतो." मान वर केली नाही हो त्या माणसाने.

आपण हरलो. मामा घरी आले तेव्हा मामी म्हणाली, "तुमी नव्हता तरी हरले. आता तं पटला?"

"तू मला बोलवायला धाडलास ना, म्हणून हरले."

मामी हसली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. उन्हाळा लागायच्या आत ती गेली.

पुढच्या पावसाळ्यात वीस षटकांच्या वर्ल्डकपची फायनल आपण जिंकलो. सकाळी मामा माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हटलं, एवढ्या पावसात हा माणूस किनाऱ्यावर बसला होता की काय!

"जिंकलो की, मामा!"

"बगितला मी," मामा म्हणाले. "पयल्या चेंडूपास्ना. खुर्चीत बसून."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"आता हरले तरी रडणारा कोण हाय, म्हणून बसलो." मग त्यांनी पागोळ्यांखाली हात धरला. "पन जिंकले रं. म्हंजे मला बसता आला असता तिच्याजवल."