भुरक्याच्या मनाचा तपास

एका जंगलात, बालमित्रांनो, न्याय फार शास्त्रशुद्ध होता. नुसता गुन्हा पाहून तिथे कोणाला शिक्षा होत नसे. आधी त्याचं मन तपासायचे, मग शिक्षा द्यायचे.

त्या जंगलात उदाबाई नावाची उदमांजरी राहायची. तिचं पिल्लू, भुरक्या, एका अस्वलाच्या घरचा मध चाटताना रंगेहाथ सापडलं. मिशा चिकट, शेपटी चिकट. नाही म्हणायला जागाच नव्हती. आता याला सुधारगुहेत पाठवणार, हे उदाबाईने ओळखलं. तिथे गेलेलं पिल्लू चार नव्या खोड्या शिकूनच परत यायचं.

न्यायाधीश होते गजपतराव हत्ती. त्यांनी डॉक्टर साळिंदरांना बोलावलं. हे म्हणजे पिल्लांच्या गुन्हेगारी मनाचे मोठे अभ्यासक!

साळिंदरांनी खडकावर चिखल उडवला आणि विचारलं, "यात काय दिसतं?"

"मध," भुरक्या म्हणाला.

"भूक लागली की काय करतोस?"

"खातो."

"कोणाचं आहे, ते विचारतोस?"

"खाऊन झाल्यावर विचारतो."

"जन्मजात गुन्हेगार!" साळिंदरांना कोण आनंद झाला. "मोठेपणी दरोडे घालणार!"

"अहो, लेकरू आहे ते!" उदाबाई कळवळली.

"बाई, शास्त्रापुढे आईचं काही चालत नाही," गजपतराव म्हणाले.

पण साळिंदर पडले पक्के अभ्यासक. तुलनेला एक संस्कारी पिल्लू हवंच, असं त्यांनी सांगितलं. शिवाय साहेबांना खूश करायची संधी कोण सोडतो? त्यांनी गजपतरावांच्या लाडक्या लेकाला, गजूलाच पुढे बोलावलं.

गजूने चिखल निरखून पाहिला. "ऊस!" तो म्हणाला.

"भूक लागली की काय करतोस, बाळ?"

"खातो."

"कोणाचं आहे, ते विचारतोस ना?"

"विचारायचं असतं?"

साळिंदरांचे काटे ताठ उभे राहिले. सगळं जंगल गजपतरावांकडे बघू लागलं.

गजपतरावांनी सोंडेने कपाळ पुसलं. मग एकदम गहिवरून म्हणाले, "अहो, मुलं ती मुलंच! ती खाणारच. भुरक्याला घरी न्या, बाई. हे शास्त्रच अजून लहान आहे, त्याला वळण लागायचंय. डॉक्टरांना सुधारगुहेत पाठवा."

उदाबाईने भुरक्याला मानेला धरून घर गाठलं. आधी दोन धपाटे घातले, मग पोटाशी घेऊन त्याची शेपटी चाटून साफ केली. मध खरंच फार गोड होता.

तात्पर्य : मुलांनो, चोरी कधीही करू नये. केलीच, तर आपली आणि न्यायाधीशाच्या मुलाची परीक्षा एकाच दिवशी होईल, असं पाहावं.