बाहेरची कडी

गोष्ट रंगवून सांगावी तर मीच! चष्म्याच्या दुकानात उभं राहून माझा जन्म गेलाय. समोरच्याचं नाक कसंही असो, "अहो, ही फ्रेम तुमच्यासाठीच बनलीय!" हे मी अशा काही सुरात म्हणते, की माणूस आरशात न बघताच पाकीट काढतो. त्यामुळे आमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये मी हां हां म्हणता गाजणार, याची मला बालंबाल खात्री होती. गाजले. कशी गाजले ते ऐका, आणि जमलं तर मला चार शिव्या घाला.

ग्रुपचं नाव 'साखर आणि मुंगी'. रोज संध्याकाळी प्रत्येकाने दिवसभरातलं एक बारीकसं सुख लिहायचं, ती साखर. आणि एक बारीकसा वैताग लिहायचा, ती मुंगी. खरी नावं सांगायची नाहीत, फोटो टाकायचे नाहीत. ग्रुप सुरू केला तो उशीबाईंनी. उशी उलटवली की दुसऱ्या बाजूचा गारवा गालाला लागतो, ही त्यांची पहिली साखर, म्हणून त्या उशी. नाव मऊ, पण बाई बँकेत कॅशियर! आवाज असा की रांगेतला शेवटचा माणूससुद्धा दचकून आपले कागद तपासतो. दुसरे मफलर. गायनाचा क्लास चालवतात आणि बारा महिने त्यांना सर्दी. मी चाळिशी. बाकीचेही ढीगभर होते, सगळे आमच्याच शहरातले, पण कोणी कोणाला पाहिलेलं नाही.

नियम एकच होता. हत्ती आणायचा नाही! म्हणजे आजारपण, भांडणं, रडारड, असलं मोठं काही लिहायचं नाही. "रडायला अख्खं जग पडलंय, इथे फक्त करवादायचं," असं उशीबाई बजावायच्या.

सुरुवातीला मी अगदी प्रामाणिकपणे लिहायचे. 'साखर: धुतलेल्या चादरीवर झोपले. मुंगी: पेनाचं टोपण हरवलं.' यावर दोन अंगठे यायचे, त्यातला एक माझाच. आणि उशीबाईंनी लिफ्टमधली सगळी बटणं दाबणाऱ्या शेजाऱ्याबद्दल लिहिलं की लाल बदामांचा नुसता पाऊस! माझा जळफळाट व्हायचा. वाटायचं, मलाच मेलीला एकही धड वैताग कसा नाही?

मग ताई आल्या. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांच्या घराच्या भिंतींना ओल आली होती. गवंडी घरात घुसला आणि ताई बॅग घेऊन आमच्याकडे आल्या. दुसऱ्याच दिवशी मी लिहिलं, 'मुंगी: आमच्या वन्सं ओल्या टॉवेलच्या चार घड्या घालून दांडीवर ठेवतात. तो वाळत नाही, कुबट वास मारतो, आणि बोलायची सोय नाही!'

प्रत्यक्षात मी त्यांना 'ताई' म्हणते. पण 'वन्सं' म्हटलं की कसं, वाचणाऱ्याच्या कपाळाला आपोआप आठी पडते.

बदाम! बदामच बदाम! मफलरांनी तर 'पुढे काय झालं?' असं विचारलं. मला आजवर कोणीही, अगदी माझ्या नवऱ्यानेसुद्धा, पुढे काय झालं असं विचारलेलं नाही.

पुढे काहीच झालं नव्हतं! हीच तर पंचाईत. ताई सकाळी माझ्याआधी उठून माझा डबा भरायच्या. दिवसभर उभी राहून माझे पाय सुजतात म्हणून संध्याकाळी गरम पाण्याची बादली तयार ठेवायच्या. मी पाय बुडवून बसले की समोर स्टूल ओढून विचारायच्या, "आज कोणाला गंडवलंस गं?" आणि गिऱ्हाइकांच्या नकला बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. आता हे काय ग्रुपवर लिहायचं? याला कोण कुत्रं विचारतंय?

म्हणून मी ताईंना उलटं घातलं, स्वेटर उलटा घालतात तसं. त्या माझ्या डब्यात जास्तीची बिस्किटं कोंबायच्या. मी लिहिलं, 'वन्सं बिस्किटं मोजून डब्यात ठेवतात!' मी फोनवर हसले की त्या लांबूनच "कोण गं?" म्हणून हसायच्या. मी लिहिलं, 'वन्सं दाराला कान लावून उभ्या असतात!' आणि हे सगळं मी लिहायचे कुठे, तर त्यांनीच आणून ठेवलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून. बादली त्यांची, बदाम मला!

आता आमच्या बाथरूमची कडी. बाहेरच्या बाजूची. ती सैल झालीय, आणि दार जोरात लावलं की आपोआप घसरून अडकते. शनिवारी संध्याकाळी मी आत असताना अडकली. मी हाक मारली, ताईंनी लगेच कडी काढली. "तुझ्या नवऱ्याला दहादा सांगितलं दुरुस्त कर म्हणून. लहानपणापासून असाच आहे ठोंब्या!" एवढंच म्हणाल्या.

मी लिहिलं, 'आज वन्संनी मला बाथरूममध्ये कोंडलं! बाहेरून कडी! अर्धा तास! मी दार बडवतेय आणि बाहेर टीव्हीचा आवाज वाढतोय!'

काय सांगू तुम्हाला, फोन हातात थरथरायला लागला. बदाम, रडके चेहरे, 'अगं बाई!', 'तू ठीक आहेस ना?' मी हावरटासारखी वाचत होते. वाचता वाचता फोन निसटला आणि थेट बादलीत! बुडबुडे आले आणि तो गार पडला. ताईंनी टॉवेलने पुसला, पंख्याखाली ठेवला. काही उपयोग झाला नाही. उद्या नवरा दुरुस्तीला नेईल, असं म्हणून मी निवांत झोपले.

तिकडे ग्रुपचा मात्र डोळा लागला नाही. कोंडलेली बाई गप्प झाली की लोकांनी समजायचं तरी काय? उशीबाईंनी माझ्या जुन्या साखरा उकरून काढल्या. दुकानासमोरचं मोठं घड्याळ दहा मिनिटं पुढे असल्यामुळे लवकर सुटल्यासारखं वाटतं, ही एक साखर. शेजारच्या पिंजऱ्यातला पोपट मला 'या या' म्हणतो, ही दुसरी. रविवारी सकाळी त्या मफलरांना घेऊन घड्याळासमोर हजर! दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या शिंप्याला विचारलं तर तो म्हणाला, "नाही बुवा, आज दिसल्या नाहीत."

"ऐकलंत? दिसली नाही!" उशीबाई गरजल्या. अहो, रविवारी मी दुकानात दिसेनच कशाला? पण काळजीपुढे कॅलेंडर कोण बघतो! शिंप्याकडून घराचा पत्ता घेतला, कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला उचललं आणि वरात आमच्या जिन्यात.

तेव्हा नवरा फोन घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला होता, आणि मी बाथरूममध्ये नखशिखांत साबणात. बेल वाजली. ताई दार उघडायला निघाल्या. मी "कोण आलंय?" म्हणून दार किलकिलं केलं, परक्या पुरुषाचा आवाज ऐकला आणि धाडकन लावून घेतलं.

खट्! कडी पडली.

"ताई! अहो ताई, कडी! उघडा ना!" मी ओरडले. रोजच्यासारखीच ओरडले हो!

मग तो कॅशियरचा आवाज दुमदुमला. "ऐकलंत मास्तर? अजून आतच आहे!"

"कालपासून!" मफलर शिंकले. "अहो, माणूस आहात की कोण आहात?"

आवाज कधी ऐकले नव्हते, पण मी दोघांनाही ओळखलं. साबण डोळ्यांत गेला. नळाला पाणी होतं, पण तोंड धुवायचं भान कोणाला!

"तुम्ही कोण? आणि थांबा, आधी तिला बाहेर काढते," ताई म्हणाल्या.

"कडीला हात लावायचा नाही! आता आम्ही बघतो. काय हो, बिस्किटं मोजता? चोरून ऐकता? ती बिचारी दिवसभर उभी असते, आणि तुम्ही आल्यापासून तिच्या जिवाला घोर!"

"एवढी ओल घरात आहे म्हणायचं," मफलर म्हणाले. त्यांना बहुतेक काहीतरी खोचक बोलायचं होतं. कोणालाच कळलं नाही.

"हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"तिनेच! रोज लिहिते. तुमचा एकेक पराक्रम शेकडो लोकांना तोंडपाठ आहे."

मी दाराला कान लावून उभी होते. हो, दाराला कान लावून! वाटलं, ताई आता हसतील. म्हणतील, काय वेडी आहे ही पोरगी! नाहीतर रागावतील, म्हणतील की सगळं खोटं आहे. काहीही बोला ताई, पण बोला! मी तोंड उघडलं, आणि त्यातून फक्त साबणाचा फुगा आला.

"हो," ताई म्हणाल्या. "मोजते मी बिस्किटं. जुनी खोड आहे. कडीपण मीच लावली. चुकलं माझं."

ऐकताय ना? माझ्या चार लोकांत माझी शोभा नको, म्हणून ही बाई माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेत होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुलूपवाला मात्र कंटाळला होता. "यात कुलूप कुठंय? कडी आहे नुसती. बोटाने निघते." त्याने बोटाने काढली. "आणि ही कोणी लावत नाही बाई, ही आपोआप पडते. स्क्रू ढिला आहे."

अख्ख्या घरात खरं बोलणारा तो एकटाच! त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

मी गाऊन गुंडाळून, डोक्यावर फेस घेऊन बाहेर आले. उशीबाईंनी मला मिठीत घेतलं आणि हुंदके देत म्हणाल्या, "चाळिशी! मला वाटलं तू गेलीस!" मफलरांनी स्वतःचा मफलर काढून माझ्या खांद्यावर टाकला. केवढी माया! कधी न पाहिलेली माणसं हो ही! आणि समोर ताई, हात पुसत उभ्या. सांगून टाकायला हाच क्षण होता. एवढंच म्हणायचं होतं, ताई तशा नाहीत.

मी म्हणाले, "चहा घेणार का?"

चहा ताईंनीच केला. पिता पिता उशीबाईंनी त्यांना कसं वागावं ते समजावलं. ताई मान डोलावत होत्या. जाताना मफलर म्हणाले, "बघा, अजून सुधारता येईल." ताई म्हणाल्या, "बघते हं."

दार लागलं. मी म्हटलं, "ताई, ते मी जरा गंमत म्हणून..." गिऱ्हाइकासमोर जी जीभ सरासरा चालते ती टाळ्याला चिकटली.

"डोक्यावरचा फेस धू आधी, डोळ्यांत जातोय," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी गरम पाण्याची बादली ठेवली होती. समोरचं स्टूल मात्र रिकामं होतं. ताई आतल्या खोलीत बॅग भरत होत्या. "गवंड्याचा फोन आला होता. झालं म्हणे काम." सकाळी त्याच गवंड्याने अजून पंधरा दिवस मागितले होते, मी स्वतः ऐकलं होतं. नवरा म्हणाला, "राहा की गं अजून!" त्या म्हणाल्या, "आपलं घर ते आपलं घर." आणि गेल्या. ओल्या भिंतींत राहायला गेल्या.

फोन दुरुस्त होऊन आला. मी ग्रुपवर लिहायला बसले, आणि ताई आल्यापासून पहिल्यांदाच काही न रंगवता लिहिलं. 'साखर: नाही. मुंगी: ताई गेल्या. त्यांनी काहीच केलं नव्हतं, मीच सगळं रचलं. त्या माझे पाय शेकायच्या. घर खायला उठलंय.'

हसरे चेहरे! लोळून लोळून हसणारे चेहरे! मफलरांनी लिहिलं, 'वा! काय टोमणा मारलाय!' उशीबाईंनी लिहिलं, 'सुटलीस बाई एकदाची! अभिनंदन!' आणि बदाम तर इतके, की आजवर एवढे उशीबाईंनाही मिळाले नसतील. मी तीन वेळा लिहिलं, 'अहो, खरंच सांगतेय!' प्रत्येक वेळी बदाम वाढतच गेले.

शेवटी मी ताईंना फोन लावला. रडतरडत सगळं कबूल केलं, पहिल्या बदामापासून शेवटच्या बदामापर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "अगं, बिस्किटं खोटी, कान लावणं खोटं, ते कळलं मला. पण त्या टॉवेलच्या घड्यांचं खरं होतं का गं? घरी आल्यापासून मी उलगडूनच वाळत घालते."

त्यांच्या कानावर टॉवेल कधी गेला? उशीबाईंनी चहा पिताना सांगितला असणार. त्यांनी काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं.

"छे हो ताई!" मी म्हटलं. "तेही खोटंच होतं. टॉवेल तर मस्त वाळायचा!"

"बघ हं," ताई म्हणाल्या, आणि हसल्या. चष्म्याच्या दुकानात आरशात न बघता पाकीट काढणारी माणसं हसतात, तसं हसल्या नाहीत; हे गिऱ्हाईक काही गंडलं नव्हतं.