माल का कपडा?

ढोमणेभाऊ कुणाशी हात मिळवत नाहीत. समोरच्याची बाही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतात, दोनदा चोळतात आणि मग त्या माणसाविषयीचं आपलं मत सांगून टाकतात. त्याच्या तोंडावर, मोठ्यानं. नागपुरात, बेसातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्या फ्लॅटात राहायला आले, त्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याची बाही चोळली आणि म्हणाले, "मांजरपाट! साधा, सरळ. पण धुतला का आकसते." नवरा तिथल्या तिथे आकसला. मी खो खो हसले, तर लगेच माझ्याकडे वळले. "तुमचा पदर काही हातात घेत नाही, वहिनी, लांबूनच सांगतो. खादी. टिकाऊ, पण टोचते लय."

मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. टोचणारच. पण माणूस मला आवडला.

भाऊंचं गांधीबागेत साड्यांचं दुकान होतं. दुकानात पाटी एकच, लाल अक्षरांत, त्यांनी स्वतः रंगवलेली: 'फॉल लावलेली साडी परत घेतली जाणार नाही.' बाकी सगळ्या बाबतीत माणूस लोण्याचा. उधार मागा, देणार. रंग आवडला नाही म्हणा, बदलून देणार. पण फॉल लावून आणलेली साडी त्यांनी सख्ख्या बहिणीकडूनही परत घेतली नाही. "फॉल लागला का तो माल राहत नाही गा, कपडा होते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. जगात दोनच गोष्टी, माल आणि कपडा. बिल्डिंगमधल्या एका लग्नात नवरदेवाची बाही चोळून हे गृहस्थ भर मांडवात म्हणाले, "भाड्याचा आहे, बाप्पा!" मुलीच्या बापाला जिलबीचा ठसका लागला.

तर असं हे दुकान बसलं. उधार घेणारे मॉलमध्ये जाऊ लागले आणि ज्यांच्याकडून भाऊंनी उचल केली होती ते फोन करू लागले. शेवटी कुणीतरी सांगितलं, कोर्टात नादारीचा अर्ज करा. आपल्याजवळ काय आहे आणि कुणाचं किती देणं आहे ते सगळं खरं खरं लिहून द्यायचं, पुढचं कोर्ट पाहील. त्यासाठी वकील हवा. नवरा म्हणाला, "तूच जा त्यांच्यासोबत," आणि पुन्हा आकसला. मग काय! माझी स्कूटर, मागे भाऊ, आणि भाऊंच्या हातात माझ्या डोक्यावर धरलेली छत्री.

पहिला वकील सीताबर्डीवर, दोन जिने चढून. भाऊंनी त्याच्या कोटाची बाही धरली. "टेरीकॉट. चमकते, पण हवा लागत नाही." वकील हसला बिचारा. मग भाऊंनी विचारलं, "साहेब, माह्या घरी एक साडी आहे. दुकानातली. डब्यात, लेबलासकट. तिले यादीत लिहायचं का? तो माल का कपडा?"

"अहो, ठेवा ना लपवून. कोण पाहून राहिलं?"

भाऊ ताडकन उठले. जिन्यावर माझ्यावरच ओरडले, "मी चोर आहो का, वहिनी?"

"त्यानं तुमची सोय सांगितली, भाऊ."

"सोय नाही. कच्चा रंग. पहिल्या धुण्यात उतरते."

दुसरा वकील कोर्टाजवळ, एसी केबिनवाला. त्याचा कोट भाऊंनी डोळे मिटून चोळला. "वा! असली ऊन, शुद्ध लोकर!" मी मनात म्हटलं, सुटलो. पण पुन्हा तोच प्रश्न. वकिलानं मान वर न करता उत्तर दिलं, "माल. लिहून टाका. पुढे?"

त्या 'पुढे'वर भाऊ बिघडले. बाहेर येऊन म्हणाले, "कपडा एक नंबर, पण अस्तर नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. कोर्टाच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर मी त्यांना उभं केलं आणि वर्गात झापायचे तसं झापलं. "वकील निवडून राहिले का सूटपीस? आठ दिवस माझं पेट्रोल जाळलं! घेणेकरी दारात यायच्या बेतात आहेत आणि तुम्ही एका साडीपायी अडून बसले. काहून? आहे काय त्या साडीत?"

भाऊंनी चहात फुंकर घातली. बराच वेळ घातली.

"सुमनची आहे," ते म्हणाले.

सुमन म्हणजे त्यांची बायको. भाऊ बेसात यायच्या आधीच गेली. मी तिला पाहिलेलं नाही. साड्यांच्या दुकानदाराची बायको, आणि जन्मभर नेसली ती डागी, विणीत दोष असलेली साडी. चांगला माल विकायचा असतो, म्हणायची. शेवटच्या दसऱ्याला भाऊंनी दुकानातली सगळ्यात भारी हातमागाची जांभळी साडी घरी आणली. तर बाई कडाडली, "माल घरात काहून आणला? उद्याच्या उद्या वापस ठेवा." भाऊंनी ठेवली नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

"नेसली नाही ना वं, वहिनी. मंग तिची कशी म्हणू? अन् माल तरी कोणत्या तोंडानं म्हणू? तीन वर्षं झाले, डबा उघडाची हिंमत नाही झाली."

मला माझ्या पेट्रोलची लाज वाटली.

तिसरी वकील माझीच जुनी विद्यार्थिनी. केबिन वगैरे नाही, कोर्टाच्या व्हरांड्यात एक टेबल. भाऊंनी तिची बाही धरली नाही, लांबूनच निरखली. "कोपरावर रफू आहे. हातचं."

"मीच केलंय, काका. नवा कोट तुमच्या फीमधून."

भाऊ खूश. मग तो प्रश्न आलाच. त्या पोरीनं उत्तर न देता उलट विचारलं, "साडी कोणाची आहे?"

हे आजवर एकाही वकिलानं विचारलं नव्हतं. भाऊंनी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "फॉल लावलाय?"

भाऊ तिच्याकडे पाहतच राहिले. स्वतःच्याच पाटीनं गाठलं होतं त्यांना.

"नाही."

"मग अवघड आहे, काका. वापरायचे कपडे यादीतून सोडा, असं मला कोर्टापुढे म्हणता येईल. पण डब्यातली, लेबलाची, फॉल न लावलेली साडी? तिला कपडा म्हणून खोटं नाही लिहिणार मी."

मी पर्स उचलली. आता हे उठणार, मला खात्रीच होती. पण भाऊ म्हणाले, "लिहा मंग. माल." आणि माझ्याकडे वळून, "वकील हीच. पक्का रंग."

संध्याकाळी त्यांच्या घरी यादी करायला बसलो. पंखा एक, कपाट एक, भांडी. शेवटी भाऊंनी कपाटातून डबा आणून टेबलावर ठेवला, वहीत 'साडी, एक नग' लिहिलं आणि म्हणाले, "लेबलावरची किंमत तुम्ही वाचा. मले चष्म्याबिगर दिसत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. टोचायची ती वेळ नव्हती.

मी डबा उघडला, साडी बाहेर काढली, पदराशी लेबल सापडलं. किंमत वाचणार, तेवढ्यात साडीची खालची घडी सुटून टेबलावर पसरली आणि भाऊंनी सवयीनं काठ चिमटीत धरला. दोनदा चोळला. थांबले. परत चोळला.

"हे दुहेरी लागून राहिलं."

मी काठ उलटा केला. आतून फॉल लावलेला होता. विटकरी! जांभळ्या साडीला विटकरी फॉल, पांढऱ्या दोऱ्यानं, हातानं घातलेले बारीक बारीक टाके, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हा रंग कोणी घेतच नव्हतं," भाऊ म्हणाले. "गठ्ठाच्या गठ्ठा पडून होता दुकानात. त्यातला घेतला पाहा तिनं. चांगल्यातला नाही घेतला." ते हसत होते आणि चष्म्याखालून पाणी गळत होतं. "म्हणजे नेसणार होती, वहिनी. मले शिव्या देऊन, अन् मंग नेसणार होती."

मी, पंचवीस वर्षं वर्ग गाजवलेली बाई, पदर तोंडाला लावून बसले.

भाऊंनी पेन घेऊन वहीतली ती ओळ खोडली. एकदा नाही, तीन-चारदा. मग पुन्हा काठ चिमटीत धरून चोळत बसले. आता पोत कसा आहे ते सांगतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी काहीच सांगितलं नाही.