ट्रेलरचा लाल दिवा आणि सासूबाईंची काठी

"दाबलाय का नीट?" बायकोने ट्रेलरच्या मागून ओरडून विचारलं.

"दाबलाय! अगदी पाय दुखेपर्यंत दाबलाय!" जावई गाडीतून ओरडला. "लाल लागला का?"

"लाल नाही. डावीकडचा पिवळा लागलाय. म्हणजे लागलाय असंही नाही, नुसता लाजलाय."

जावयाने ब्रेकवरचा पाय काढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. ट्रेलर दिसायला इतका देखणा, की रस्त्यावरून जाणारी माणसं मान वळवून बघत होती. निळाशार रंग, कडेने पांढरी रेघ. पण ब्रेक दाबला की डावीकडे वळायचा दिवा मिणमिणायचा, डावीकडचं बटण दाबलं की चारही दिवे मिळून उचक्या द्यायचे, आणि पुढचे हेडलाइट लावले की मागे ठार अंधार. वर ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक होते, ते तर मेल्यासारखे गप्प. पुढे रस्त्यात लांबच लांब उतार लागणार होता. अशा ट्रेलरवर कपाट, शिलाई मशीन आणि आरामखुर्ची लादून निघणं म्हणजे जिवाशी खेळ.

कपाट, मशीन आणि खुर्ची सासूबाईंची होती. आणि त्या निघाल्या होत्या ते जावयामुळेच.

तसा जावई माणूस वाईट नव्हता, पण रंगाचा डबा उघडला की त्याला घरदार सुचत नसे. आठवडाभर ऑफिसात मान खाली घालून बसायचा आणि रविवार उजाडला की ब्रश घेऊन निघायचा. त्याने स्टुलं रंगवली, कुंड्या रंगवल्या, गॅरेजचं दार चकचकीत पांढरं केलं. टपालपेटी इतकी मन लावून रंगवली की तिचं झाकण कायमचं चिकटलं आणि पोस्टमन पत्रं दाराखालून सारू लागला. ट्रेलर जुना, गंजका आणला होता. त्याचा एकेक नटबोल्ट सोडवून, घासून, रंगाचे तीन-तीन हात देऊन त्याने परत जागच्या जागी बसवला होता. लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं.

आणि त्याच हौसेपायी गेल्या आठवड्यात घोटाळा झाला. व्हरांड्याच्या ताज्या रंगवलेल्या फरशीवर त्याला लांबच लांब ओरखडा दिसला. सासूबाईंच्या स्टीलच्या काठीचं रबर झिजून गेलं होतं. नवं रबर आणतो म्हणून त्यानेच कबूल केलं होतं आणि विसरलाही तोच होता. पण ओरखडा दिसला आणि त्याचं डोकं फिरलं. तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला, "रंग मी द्यायचा आणि ओरखडे आईंनी काढायचे! चांगली वाटणी आहे!"

बोलला बायकोशी, पण आवाज असा की पलीकडच्या घरालाही कळावं. सासूबाई तर पलीकडच्या खोलीतच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "धाकटीकडे जाते म्हणते. कधीची बोलावतेय ती." एरवी जिभेला हाड नसलेल्या जावयाला 'राहा ना आई' हे तीन शब्द काही सुचेनात. सुचले तेव्हा कपाट बांधून झालं होतं. बायको तेव्हापासून त्याच्याशी दिव्यांपुरतंच बोलत होती.

"काय झालंय हो त्याला?" सासूबाई काठी टेकत टेकत आल्या. त्यांना प्रत्येक गोष्टीतलं 'का' हवं असायचं. शिलाई मशीन त्यांनी आयुष्यात किती वेळा उघडून जोडलं असेल, देव जाणे.

"काही नाही आई. बल्ब गेला असेल."

त्याने बल्ब बदलले. नवे बल्ब जुन्यांच्या वरताण निघाले. ते जास्त ठसठशीतपणे चुकीचे लागत होते.

"पण मला सांगा, जावईबापू," गाडी आणि ट्रेलरच्या जोडापाशी स्टूल ओढत सासूबाई म्हणाल्या, "वीज जाते कशी?"

"बॅटरीतून निघते, या वायरीतून मागे येते, दिव्यात पोचते."

"मग?"

"मग दिवा लागतो."

"ते झालं. पण दिवा लागल्यावर वीज कुठे जाते?"

"ती... संपते."

"संपते?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मशीनचा दोरासुद्धा खाली जाऊन परत वर येतो, तेव्हा कुठे टाका पडतो."

जावयाने हे हसण्यावारी नेलं. इतक्यात शेजारचे दाताचे डॉक्टर कुंपणावरून डोकावले. त्यांना सुट्टीच्या दिवशी कोणाच्या तरी तोंडात बघायला न मिळाल्याने करमत नसावं. ते आपला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊनच आले आणि गुडघ्यावर बसून ट्रेलरच्या प्लगमध्ये बघू लागले.

"हं. हं हं. कीड आहे."

"कीड?"

"हिरवट थर दिसतोय. साफ करावं लागेल."

त्यांनी बारीक ब्रशने प्लगची एकेक पिन इतकी लखलखीत केली की जावयाला हेवा वाटला. ब्रेक दाबला. डावा पिवळा पुन्हा लाजला. मग डॉक्टरांना वाटलं, दोन वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या असतील. त्या बदलल्या. आता ब्रेक दाबला की नंबरप्लेटवरचा दिवा लागायचा आणि बाकी सगळं ठप्प. वायरी पुन्हा जागच्या जागी आल्या.

"दातांतही असंच होतं," डॉक्टर मान हलवत म्हणाले. "दुखतं एकीकडे, मूळ असतं भलतीकडे."

"डॉक्टर, धीर देताय की घाबरवताय?" बायको म्हणाली.

जावई वैतागून पुन्हा गाडीत बसला आणि त्याने ब्रेकवर पाय ठेवला. आणि काय आश्चर्य! मागून बायकोची किंकाळीच आली. "लागला! लाल लागला गं बाई! दोन्हीकडे!" चाकांमधून 'टक्' असा आवाज आला आणि विजेचे ब्रेकही बसले.

जावई उडी मारूनच बाहेर आला. स्टुलावर सासूबाई निवांत बसल्या होत्या, काठी ट्रेलरच्या निळ्या दांडीवर टेकवून. काठीच्या टोकाखाली रंगाला बारीकसा चरा पडला होता.

"आई, काठी!" त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

सासूबाईंनी चटका बसल्यासारखी काठी उचलली आणि मांडीवर आडवी धरली. जावयाने जीभ चावली. पण तेवढ्यात बायकोने त्याला हाताने खुणावून गाडीत परत पाठवलं. "थांबा, पुन्हा दाबून दाखवा."

दाबला. लाल नाही. पिवळा लाजला.

"अहो, मघाशी लागला होता ना!"

"मघाशी आई स्टुलावर बसल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "त्या आताही बसल्यात. पण सरळ बसल्यात. मघाशी जरा पुढे झुकल्या होत्या. वजनाचा प्रश्न आहे!"

मग वजनाचे प्रयोग सुरू झाले. सासूबाईंना व्हरांड्यात बसवलं. बायको स्टुलावर बसली, पुढे झुकली, मागे झुकली. काही नाही. डॉक्टर व्हरांड्यातलं दुसरं स्टूल आणून बसले. त्यांनी दांडीवर दोन्ही हात टाकून भार दिला. काही नाही. उठताना मात्र त्यांच्या पँटवर स्टुलाचा गोल उमटला, कारण ते स्टूल जावयाने कालच रंगवलं होतं आणि सांगायला विसरला होता.

"आधी सांगायचं नाही का हो!"

"डॉक्टर, उठतानाच लक्षात आलं."

बायको तोंडावर पदर धरून वळली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती, आणि ते बघून जावयालाही बरं वाटलं. पण त्याच्या डोक्यात दिवा अडकला होता. लागतो तर का लागतो? आणि आईंनाच का लागतो? रंग, ओरखडे, सगळं मागे पडलं. त्याला आता फक्त ते 'का' हवं होतं, अगदी सासूबाईंसारखंच.

"आई, जरा याल का? मघाच्यासारख्याच बसा."

त्या आल्या, बसल्या. काठी मांडीवर.

"अगदी मघाच्यासारख्या?"

"मघाशी काठी टेकली होती मी." त्या म्हणाल्या. "आता नको. ओरखडा पडेल."

बायको मागून पुढे येऊन उभी राहिली. डॉक्टर आपल्या पँटकडे बघू लागले.

जावयाने दांडीकडे पाहिलं. निळ्या रंगात तेवढा एकच चरा, आणि त्या चऱ्यात उघडं लोखंड चमकत होतं. मघाशी काठीचं टोक तिथे होतं आणि काठीचा मधला भाग गाडीच्या हुकाला टेकला होता. हुक गाडीचा, दांडी ट्रेलरची, मधे स्टीलची काठी. दिवा लागल्यावर वीज कुठे जाते, असं आईंनी विचारलं होतं. आणि तो हसला होता.

"टेका काठी," तो म्हणाला.

"अहो, ओरखडा—"

"पडू द्या, आई. हवे तेवढे पडू द्या."

काठी टेकली. त्याने गाडीचं दार उघडून, वाकून हातानेच ब्रेकचं पेडल दाबलं. मागे दोन्ही लाल दिवे लागले आणि चाकं 'टक्' म्हणाली.

पुढचं सगळं सोपं होतं. विजेला परत नेणारी पांढरी वायर ट्रेलरच्या सांगाड्याला एका बोल्टने जोडलेली होती. जावयाने तो बोल्ट काढून, खाली, वर, आतून तीन हात रंग दिला होता आणि मग वायर त्या रंगावर बसवली होती. ट्रेलरच्या दांडीचं जे टोक गाडीच्या हुकावर बसतं, तेही आतून रंगवलं होतं. रंगातून वीज जाईना, म्हणून बिचारी या दिव्यातून त्या दिव्यात वाट शोधत फिरत होती.

"म्हणजे सगळा घोळ रंगाचा!" डॉक्टरांना इतका आनंद झाला की ते पँट विसरले. "मूळ भलतीकडे! म्हटलं नव्हतं मी?"

जावयाने बोल्ट सोडवला आणि कानस घेऊन स्वतःच्या हाताने तो सुंदर निळा रंग खरवडायला लागला. त्याचा हात धजत नव्हता, तरी तो खरवडत राहिला. सासूबाई स्टुलावरून बघत होत्या.

"पुरे, पुरे," शेवटी त्याच म्हणाल्या. "किती खरवडाल? चांगला दिलाय रंग."

वायर उघड्या लोखंडावर घट्ट बसली. तोवर ऊन चढलं होतं आणि उन्हात दिवा नीट कळत नव्हता, म्हणून जावयाने गाडी थोडी मागे घेऊन ट्रेलरची पाठ गॅरेजच्या पांढऱ्या दाराकडे येईल असा तो सावलीत लावला.

"आता मी दाबते," सासूबाई म्हणाल्या. "कधी दाबलं नाहीये मी ते. बघू तरी कसं असतं." त्या गाडीत बसल्या, काठी बाजूच्या सीटवर ठेवली, पेडल कोणतं ते विचारून घेतलं आणि दाबलं.

जावई, बायको आणि डॉक्टर मागे उभे होते. दिवे असे लागले की काय सांगावं. लालभडक, दोन्हीकडे, एकसारखे. चाकांनी 'टक्' केलं. काम झालं होतं. आता फक्त निघायचं राहिलं होतं.

"लागला का हो?" सासूबाईंनी विचारलं.

जावई दिव्याकडे बघत राहिला.

"नाही, आई."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. आधी डोळे मोठे झाले, मग ओठ हलले. "नाही गं," ती ओरडली. "अजिबात नाही! पहिल्यापेक्षाही वाईट!"

"अहो, पण हा तर—" डॉक्टरांनी सुरुवात केली.

"डॉक्टर, तोंड मिटा," बायको हळूच म्हणाली. आयुष्यभर लोकांना 'आ करा' सांगणाऱ्या माणसाला हे नवीन होतं. त्यांनी मिटलं.

"मोठा बिघाड दिसतोय, आई," जावई खिडकीपाशी जाऊन म्हणाला. "आज काही निघता येणार नाही. उद्याही कठीणच आहे. तुम्ही... राहा ना आई. आणि मी आत्ता जाऊन काठीचं रबर... नाही, रबर राहू द्या. अशीच असू दे काठी."

सासूबाईंनी गाडीच्या बाहेरच्या आरशात पाहिलं. मग पाय पेडलवरून उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला.

"नाही लागत म्हणता? मग उतरवा सामान. मशीन आधी काढा." त्या दार उघडून काठी शोधू लागल्या. "आणि एक सांगायचंच राहिलं, जावईबापू. गॅरेजचं दार फार सुरेख रंगवलंय हो तुम्ही. मागचं सगळं कसं लाललाल दिसतं त्यात."