चूलबंद आवतनाची चाचणी

धामणगाव बढ्यात कम्प्युटर जिवापाड जपणारा माणूस एकच, आणि तो मी! नवं सॉफ्टवेअर मी माझ्या दुकानातल्या कम्प्युटरवर थेट कधीच टाकत नाही. त्याच्या आत दुसरा, खोटा कम्प्युटर उघडतो आणि त्यात टाकून बघतो. आत काहीही बिघडो, पडद्यावरची त्याची खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. बाहेर ओरखडाही नाही. ही विद्या अख्ख्या मोताळा तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे असेल तर दाखवा!

परवा शनिवारी एकच मेसेज शेकडो लोकांना धाडणारं सॉफ्टवेअर हाती लागलं. मुद्दाम बायकोला, अन्नपूर्णेला, दुकानात बोलावलं. खोट्या कम्प्युटरात गिऱ्हाइकांची यादी टाकली आणि काहीतरी मजकूर हवा म्हणून लिहिलं, 'उद्या दुपारी आमच्या वावरात रोडगे. चूलबंद आवतन.' चूलबंद म्हणजे घरादारानं यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही.

"हे खरंच लोकायले नाही ना जात?" तिनं विचारलं.

"आत जे होते ते आतच राह्यते," म्हणत मी बटण दाबलं.

पाचव्या मिनिटाला शेजारच्या माणिकरावांचा फोन. "हर्षल, ताटं आमची आनाची का पत्रावळी हायेत?"

तेव्हा कुठे ध्यानात आलं, की कम्प्युटर खोटा असला तरी त्याला जोडलेलं इंटरनेट खरंच होतं! मेसेज अजून जातच होते, म्हणून मी घाबरून खिडकी बंद केली. आतलं सगळं पुसलं गेलं, आणि मेसेज कोणाकोणाला पोचला ती नोंदही गेली! सगळ्यांनाच 'येऊ नका' कळवावं, तर ज्यांना आवतन गेलंच नव्हतं ते जन्मभर रुसणार. माझा चेहरा बघून अन्नपूर्णा एवढंच म्हणाली, "चूलबंद आवतन वापस घेत नसतात. गोवऱ्या काढा."

रविवारी वावरात गाव लोटला. उंद्रीचं एक गिऱ्हाईक तर सासूला घेऊन आलं. मी गोवऱ्यांच्या धुरात डोळे पुसत निखाऱ्यावरचे कणकेचे रोडगे उलटत होतो आणि मनातून ओशाळलो होतो. पण वांग्याची भाजी संपली तरी एकही माणूस उपाशी उठला नाही.

हात धुताना माणिकरावांनी विचारलं, "पन आवतन कायचं होतं बा?"

मी खरं ते सांगून टाकलं. वर हेही सांगितलं, की एवढं सगळं होऊनही कम्प्युटरला काडीचा धक्का लागलेला नाही. सांगताना छाती पुन्हा फुगली. माणिकरावही कौतुकानं मान डोलवायला लागले.

तेवढ्यात राखेनं माखलेली अन्नपूर्णा मागून म्हणाली, "पुढच्या खेपेले मलेही त्या आतल्या कम्प्युटरातच ठेवा."