लाल गाडीचा खोकला

खंडेनवमीच्या दिवशी कुणी मिस्त्री इंजिन उघडत नाही, हे बाबालालला कळत होतं. पाने-पकडी पुसून पाटावर मांडायच्या, नारळ फोडायचा आणि घरी जायचं, ही शाहूपुरीतल्या साऱ्या गॅरेजांची रीत. बाबालालच्या वडिलांनी ती पाळली होती, बाबालालही पाळत आला होता. पण सयाजीरावांची लाल गाडी उद्या, दसऱ्याच्या संध्याकाळी, दसरा चौकात उभी राहायला हवी होती. म्हणून तो सकाळी सातलाच तिच्या पोटात डोकं घालून उभा होता, आणि रस्त्यावरून कुणी बघतंय का म्हणून दर दोन मिनिटांनी डोकं बाहेर काढत होता.

गाडी इटलीची. जुनी, दोनच माणसांची, बिनटपाची. बसायला इतकी खाली, की सयाजीराव आत बसले की लोकांना रस्त्यावरून नुसता फेटा जाताना दिसायचा. सयाजीराव गुळाचे अडते. त्यांनी ती बेळगावच्या एका साहेबाकडून घेतली तेव्हा सारी बाजारपेठ बघायला लोटली होती. गेली पाच-सहा वर्षं मात्र गाडीला खोकला लागला होता. फर्लांगभर गेली की ठसका, पुन्हा फर्लांगभर, पुन्हा ठसका. बाबालालचं निदान ठरलेलं होतं. "इटलीची हाय मालक. हितलं पेट्रोल तिच्या घशाला लागतंय." सयाजीरावांना हे पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडलंही होतं.

खोकल्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. अडचण पट्ट्याची होती. इंजिनात वर दोन चाकं आणि खाली एक. वरची वॉल्व हलवतात, खालचं पिस्टनच्या जोडीनं फिरतं, आणि तिघांचा मेळ एक दातेरी रबरी पट्टा राखतो. तो पट्टा सहा वर्षांपूर्वी बाबालालनंच बसवला होता, आणि आता त्याचे दोरे निघाले होते. पट्टा धावत्या गाडीत तुटला तर वॉल्व पिस्टनवर आदळून इंजिन भंगारात जाणार. सयाजीराव म्हणाले, "मुंबईला पाठवतो." आणि बाबालालचं डोकं फिरलं.

"मुंबईला? माझ्या बोर्डावर काय लिवलंय, वाचा की मालक!"

बोर्डावर लिहिलं होतं, 'देशी व परदेशी गाड्यांचे काम खात्रीशीर केले जाईल.' अख्ख्या शाहूपुरीत 'परदेशी' हा शब्द असलेला तो एकच बोर्ड होता, आणि परदेशी गाडीही ही एकच होती.

"दसऱ्याला गाडी सोनं लुटायला चौकात न्हाई आली, तर ह्या हातानं 'परदेशी' पुसतो," बाबालाल सगळ्यांच्या देखत म्हणाला.

"तुमच्या हातानं नगं," सयाजीराव म्हणाले. "जोतीराम पेंटरला सांगून ठेवतो. नीट पुसंल."

आज तो पट्टा मुंबईहून एसटीनं येणार होता. तोवर बाबालालनं जुना काढून ठेवला. काढण्याआधी त्यानं तिन्ही चाकांवर बारीक खुणा केल्या, म्हणजे नवा पट्टा दाताला दात जुळवून तसाच बसवता येईल. खडू तेलात टिकत नाही, म्हणून खुणा बायकोच्या नेलपॉलिशच्या. सलमानं शिशी देताना बजावलं होतं, "ईदची हाय. इंजिनाला नटवा, पण माझ्यापुरतं ठिवा." तीन चाकांवर तीन लाल ठिपके देऊन बाबालाल स्टँडवर गेला. गॅरेजात राहिला मौलालीचाचा, त्याचा साठी उलटलेला चुलता. त्याच्याकडे दोन कामं होती, अवजारांची पूजा मांडायची आणि गाडीला हात लावायचा नाही.

मुंबईची गाडी कराडला पंक्चर झाली होती. बाबालालनं स्टँडच्या फलाटाला नऊ फेऱ्या मारल्या, चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाला इतक्यांदा विचारलं की त्यानं खिडकीच लावून घेतली. साडेअकराला पार्सल हातात पडलं आणि बाबालाल सायकलवर उडी मारून निघाला.

गॅरेजात उदबत्तीचा वास भरला होता. पाने, पकडी, हातोड्या पाटावर झेंडूच्या माळेखाली शिस्तीत झोपल्या होत्या. आणि गाडीसमोर हातात पूजेचं ताट घेऊन आक्का उभ्या होत्या.

आक्का म्हणजे धोंडुबाई, सयाजीरावांच्या मातोश्री. सगळी शाहूपुरी त्यांना आक्काच म्हणायची. वय सत्तर, आवाज गुळाच्या सौद्यातला.

"आलास व्हय बाबालाल? लेकाची गाडी हाय, म्हटलं पूजा आपल्या हातानं करावी. आन् बघते तर काय, आज सगळं पोटच उघडं! दरसाल नुसत्या पत्र्याला कुंकू लावतोय. औंदा आतल्या चाकान्ला लावलं."

बाबालालनं आत बघितलं. तिन्ही चाकं कुंकवानं माखली होती. एकेका चाकावर पाच-पाच, सात-सात बोटं, अंगठ्यानं दाबून दाबून लावलेली. तीन लाल ठिपके त्या लाल गर्दीत कुठं गेले ते दिसेना.

"आक्का," बाबालालनं विचारलं. "चाकं फिरवली न्हाईत न्हवं?"

"फिरवल्याबिगर चारी अंगानं कुंकू कसं लागंल? लई घट्ट हुती बग वरची. पर जातं ओढलेला हात हाय ह्यो."

बाबालालनं मौलालीचाचाकडे पाहिलं. चाचानं छताकडे पाहिलं.

"मी म्हटलं, हात लावू नगा," चाचा पुटपुटला. "त्या म्हटल्या, हात न्हाई लावत, कुंकू लावते."

बाबालालनं झटकन पाटाकडे हात नेला. निदान ठिपके शोधावेत, चाकं जागेवर आणावीत. पण चाचा मधे आडवा झाला.

"पूजा झालीया. आज पान्याला हात न्हाई."

"चाचा, माझा बोर्ड चाललाय!"

"तुझा बाप हुता तवापास्नं पूजेतला पाना कुणी उचलला न्हाई. उद्या सकाळी उचल."

"खरं हाय," आक्का म्हणाल्या. "नवमीला हत्यार उचललं तर गाडीच रुसंल. परसाद घे."

मग तो दिवस बाबालालनं कसा काढला ते त्यालाच माहीत. घरी जेवायला बसला आणि अर्ध्या भाकरीवर उठला. राजारामपुरीतल्या एका मिस्त्रीला विचारून यावं म्हणून निघाला, कोपऱ्यावरून परत फिरला. त्या मिस्त्रीच्या बोर्डावर फक्त 'देशी' होतं. परत आला, परत निघाला. सलमा म्हणाली, "बसा की जरा, घराला फेऱ्या घालून पट्टा बसतोय व्हय?" तो बसला आणि मांडीवर बोटांनी दात मोजत राहिला.

दसऱ्याला फटफटताच तो गॅरेजात पोचला. मौलालीचाचा त्याच्याही आधी आला होता. काल आपल्या हातून चूक झाली, ही बोच म्हाताऱ्याला लागली होती, आणि ती त्यानं आपल्या परीनं भरून काढली होती.

"समदं साफ केलं बग," चाचा चिंधी झटकत म्हणाला. "कुंकवाचा डाग ठेवला न्हाई. थिनरनं पुसलं."

"थिनरनं?" बाबालाल स्टुलावर खाली बसला. "चाचा, थिनरनं नेलपॉलिश निघतंय."

"निगलं की. ते बी तीन डाग हुते. लई घासलं तवा निगलं."

आता काही उरलंच नव्हतं. दातांचा अंदाज करून पट्टा बसवावा, तर अंदाज चुकला की एका किल्लीत इंजिन खलास. बाबालालला इंजिनापेक्षा बोर्डावरचा पिवळ्या अक्षरातला 'परदेशी' शब्दच दिसत होता. बाहेर शिडी टेकल्याचा आवाज झाला. जोतीराम पेंटर डबा आणि ब्रश घेऊन आला होता.

"मालकांनी लवकर यायला सांगितलं," तो संकोचून म्हणाला. "सणाचा दिवस हाय, दुसरी बी कामं हाईत. कवा पुसू?"

"संध्याकाळपातूर दम धर!" बाबालाल ओरडला, आणि ओरडून झाल्यावर काही सुचेना म्हणून पुन्हा इंजिनात वाकला.

वाकला आणि तसाच राहिला. स्वच्छ घासलेल्या वरच्या दोन्ही चाकांवर एकेक लाल टिंब होतं, मोहरीएवढं. खालच्या चाकावर एक लाल चीर होती.

"चाचा, हे राहिलं की."

"निघंनाच ते. बारीक भोकात कुंकू बसलंय."

भोक! बाबालालनं नखानं चाचपलं. कारखान्यातूनच पाडलेली खळगी होती ती, इतकी वर्षं तेलाच्या काळ्या खरपुडीखाली बुजलेली. थिनरनं खरपुडी गेली आणि खळग्यात आक्कांच्या अंगठ्यानं दाबलेलं कुंकू तेवढं राहिलं. मागच्या पत्र्यावर एक टोकदार काटा होता. तो कशासाठी आहे हे बाबालालला कधीच कळलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यानं त्याला चिंधी अडकवली होती. आता त्यानं वरचं चाक हळूच फिरवलं. लाल टिंब त्या काट्यासमोर येऊन उभं राहिलं. पट्टा बसवताना चाकं कुठं उभी करायची, त्याची कारखान्यानंच दिलेली खूण होती ती.

पुढचे दोन तास बाबालालनं इंजिनातून डोकं वर काढलं नाही. तिन्ही खुणा जुळल्या, पट्टा चढला, ताण बसला. बाबालालनं पाना लावून इंजिन हातानं दोनदा पुरतं फिरवलं. कुठं काही आपटलं नाही. तोवर सयाजीराव फेटा बांधून आले, मागोमाग आक्का. बाबालालनं तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. सगळे ठसक्याची वाट बघत उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. इंजिन शिलाई मशीनसारखं एका सुरात चालत राहिलं.

"खोकंना की," सयाजीराव म्हणाले.

बाबालालच्या कानशिलांना झळ लागली. पेट्रोल तेच होतं, हवा तीच होती. सहा वर्षांपूर्वी त्यानं कानाच्या भरवशावर पट्टा बसवला होता, एक दात चुकवून, आणि त्या दातावर गाडी सहा वर्षं खोकत होती.

"कुंकवाचा गुण हाय, मालक," तो घाईनं म्हणाला. "आक्कांच्या हाताचा."

"व्हय?" म्हणून आक्कांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. जोतीरामनं शिडी उचलली. 'परदेशी' वाचला. त्या दिवशी बाबालाल दुपारी पोटभर जेवला आणि चार वाजेपर्यंत घोरत पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली. आली कधी ते बाबालालला कळलंच नाही. सयाजीराव उतरले, चेहरा उतरलेला. शेजारच्या सीटवर आक्का.

"मिस्त्री, काय करून ठेवलंय हे?"

"काय झालं मालक? गेली न्हाई का चौकात?"

"गेली की! मी कवा आलो आन् कवा गेलो, कुणाला पत्ता न्हाई. आधी बिंदू चौकात ठसका लागला की लोक म्हणायचे, सयाजीराव आलं, सरका. काल अर्धा तास एका बैलगाडीमागं अडकलो. हॉर्न मारला तर गाडीवान म्हणतोय, पावणं, जरा दमानं!" सयाजीरावांनी गाडीवर थाप मारली. "ही माझी गाडी न्हवं. पहिल्यासारखी करून द्या. न्हाईतर मुंबईला पाठवतो, आन् जोतीरामची शिडी अजून शेजारच्या दुकानातच हाय."

पहिल्यासारखी करायची म्हणजे पहिली कशामुळं तशी होती ते कबूल करायचं. बाबालाल चाचाकडे बघू लागला, चाचा छताकडे.

"कर की रं बाबालाल," सीटवरून आक्का शांतपणे म्हणाल्या. "पहिलं बी तूच केलतंस न्हवं? असलं काम मुंबईवाल्याला न्हाई जमायचं."

बाबालालनं मान वर केली नाही. त्यानं पाना घेतला आणि झाकण उघडलं. या खेपेला टिंब बघत, काळजीपूर्वक, अर्ध्या तासात त्यानं एक दात बरोबर चुकवला.