काटेअप्पांची भरपगारी रजा

समोरच्या माणसाला नमस्कार करण्याआधी त्याचे वजन सांगणारा गृहस्थ आपण कधी पाहिला आहे काय? मी पाहिला आहे. लातूरच्या तहसील कचेरीबाहेर गेली सव्वीस वर्षे माझे टेबल, माझे टंकयंत्र आणि माझा लौकिक एकाच जागी उभे आहेत. तेथे हे गृहस्थ प्रथम आले, मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, “ब्याऐंशी. फाईल धरून.”

मी संध्याकाळी औषधाच्या दुकानातील काट्यावर उभा राहिलो. फाईल काखेत होती. काटा ब्याऐंशीवर थांबला.

यांचे नाव विश्वनाथअप्पा. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत सोयाबीनची एक तेल गिरणी आहे. तिच्या फाटकाशी ट्रक तोलण्याचा वजनकाटा आहे, आणि त्या काट्याच्या खोलीत अप्पा चोवीस वर्षे बसत आले आहेत. त्यामुळे सगळे त्यांना काटेअप्पाच म्हणतात. राहणे रेणापूरला, येणे-जाणे एसटीने.

वजनकाट्याचा नियम साधा आहे. ट्रक आधी भरलेला तोलायचा. माल उतरला की तोच ट्रक रिकामा तोलायचा. पहिल्यातून दुसरे वजा केले की उरते ते निव्वळ. अप्पांनी हा नियम गिरणीपुरता ठेवला नाही, हीच त्यांची तऱ्हा. एकदा माझ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आपल्या जावयाचे गुणवर्णन अर्धा तास केले. त्याची नोकरी, त्याची गाडी, त्याचा स्वभाव. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे भरलेलं झालं. आता रिकामं करून सांगा, निव्वळ किती?” झेरॉक्सवाला दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. चौकात एका पुढाऱ्याचे भाषण झाले, तेव्हाही अप्पा गर्दीतून बाहेर पडताना मोठ्याने म्हणाले, “ट्रक लई मोठा हुता जी, पर उतराया काय बी न्हाई निघालं.”

अशा माणसावर एक दिवस बालंट आले.

गिरणीत नवे सुरक्षा अधिकारी रुजू झाले. तरुण, सौम्य बोलणारे, बाहेरगावचे. त्यांनी फर्मान काढले की यंत्रापाशी काम करणाऱ्या प्रत्येकाची नशेसाठी लघवीची तपासणी होईल. तपासणीवाले आले, सर्वांना एकेक बाटली मिळाली. बाकीचे निमूट गेले आणि आले. अप्पांनी मात्र रिकामी बाटली उचलली, धान्याच्या नमुन्यांसाठी असतो त्या छोट्या काट्यावर तोलली, वजन कागदावर टिपले. मग ती भरून आणली, पुन्हा तोलली, आणि तपासणीवाल्यासमोर कागद धरला. “सही करा.”

“कशाची सही, काका?”

“माल मिळाल्याची.”

तो हसला आणि सही न करताच निघून गेला. आठ दिवसांनी निकाल आला. सत्तर माणसांत एकट्या अप्पांच्या बाटलीत भांग निघाली. चौकशी होईपर्यंत त्यांना काट्यावरून दूर करण्यात आले. दुपारच्या आत गिरणीभर बोभाटा झाला की काटेअप्पा गांजा ओढतात.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या बाकावर येऊन बसले.

“दरखास्त लिव्हायची हाय.”

“विषय काय?”

“मला निम्मंच मोजलंय.”

मी त्यांना विस्ताराने सांगण्यास सांगितले. हकीकत अशी निघाली की मुरुडच्या एका वैद्यांनी त्यांना झोपेसाठी चूर्ण दिले होते. त्यात शुद्ध केलेली भांगेची पाने असतात, आणि डबीवर तसे छापलेलेही आहे. वैद्यांची चिठ्ठी अप्पांच्या खिशात घडी करून होती. येथे सर्वसामान्य वाचकांच्या माहितीस्तव नमूद करतो की कायद्याने गांजा वेगळा आणि भांगेचे पान वेगळे मानले आहे, व वैद्याच्या चिठ्ठीने असे औषध घेणे हा अपराध नव्हे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी कायद्याची पुस्तके मी वकिलांपेक्षा अधिक वेळा उघडली आहेत. कारण वकिलांना ती पाठ असतात असे म्हणतात.

मी मजकूर सांगत टंकू लागलो. “सदर अर्जदार हा सचोटीचा, निष्कलंक व निर्व्यसनी—”

“निर्व्यसनी खोडा.”

“का?”

“तंबाखू खातो की मी.”

“अहो, अर्जात तसे लिहिण्याची पद्धत आहे.”

“पद्धतीचं वजन धरू नका, साहेब. निव्वळ लिव्हा.”

अशा रीतीने माझ्या चार पानांच्या अर्जाचे एक पान झाले. माझ्या हातचा इतका उघडाबोडका कागद यापूर्वी कधी बाहेर गेला नव्हता. एका जागी मात्र मी अडलो. झोप न येण्याचे कारण काय लिहावे? अप्पांनी बाकाच्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ते लिव्हायचं न्हाई.”

“कारणाशिवाय अर्ज दुबळा होतो.”

“होऊ द्या.”

चौकशीला मी त्यांचा मदतनीस म्हणून हजर राहिलो. इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पाच मुद्दे पाठ केले होते. त्यांतला एकही बोलण्याची वेळ आली नाही. अधिकाऱ्यांनी निकालाचा कागद पुढे सरकवताच अप्पाच बोलू लागले.

“साहेब, गेटात ट्रक आला. भरलेला मोजला. तेवढ्यावर आपण चिठ्ठी फाडतो का?”

“नाही.”

“कामून न्हाई?”

“रिकामा तोलायचा राहिलेला असतो.”

“मग मला कामून फाडली? माझ्यात पाला निघाला, कबूल हाय. पर तो कवाचा? त्या दिवशीचा, का मागल्या पंधरवड्याचा? कामावर बसलो तवा माझं डोकं ठिकाणावर हुतं का न्हवतं, हे तुमच्या कागदात हाय का?”

अधिकाऱ्यांनी कागद उलटून पाहिला. ते प्रामाणिक होते. “नाही,” ते म्हणाले. “ही तपासणी तेवढे सांगत नाही. अंगात अंश आहे, इतकेच सांगते.”

“त्या महिन्यात माझ्या हातनं एका तरी गाडीचं वजन चुकलं का?”

नोंदी आणवल्या गेल्या. एकही चुकले नव्हते.

“ठीक आहे,” अधिकारी म्हणाले. “पण अप्पा, झोप कशाने येत नाही तुम्हाला? काही आजार आहे का? घरी काही त्रास?”

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिले. काट्यावर ट्रक उभा होता आणि खोलीत दुसराच कोणी बसलेला होता.

“साहेब,” ते म्हणाले, “तो माल तुमच्या गिरणीचा न्हाई.”

कामगाराच्या खाजगी जीवनाच्या हक्कावर मी आजवर बरेच लिहिले आहे. इतक्या थोड्या शब्दांत तो मला कधी मांडता आला नाही.

चार दिवसांनी आदेश आला, आणि तो वाचून मला आपण स्वतःच खटला जिंकल्यासारखे वाटले. ठपका मागे घेण्यात आला होता. यापुढे तपासणीआधी प्रत्येकाला चालू औषधे विचारली जातील आणि डॉक्टरची वा वैद्याची चिठ्ठी ग्राह्य धरली जाईल, असा नियमही झाला होता. शिवाय माणुसकीच्या दृष्टीने अप्पांना औषध थांबवून दुसरी तपासणी होईपर्यंत, म्हणजे तीन महिने, भरपगारी विश्रांतीची रजा मंजूर झाली होती.

“अप्पा!” मी म्हणालो. “चहा सांगा! पेढेही सांगा!”

अप्पांनी आदेश दोनदा वाचला. मग तो माझ्या टेबलावर ठेवून त्यावर माझाच पेपरवेट ठेवला.

“अजून एक दरखास्त लिव्हा.”

“आता कशाची?”

“रजा नको म्हनून.”

माझा पारा चढला. सव्वीस वर्षांत मी रजेचे हजारो अर्ज लिहिले आहेत. आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, त्याच आईचे पुन्हा आजारपण. भरपगारी रजा रद्द करा म्हणणारा इसम मला भेटला नव्हता. “तुम्हाला मिळालेला हक्क तुम्ही परत करता? लोक काय म्हणतील? घरी बसा, आराम करा, सुखाने झोपा!”

“घरीच तर झोप येत न्हाई, साहेब.”

आणि मग, जे त्यांनी साहेबांना सांगितले नव्हते ते, माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत सांगितले.

“मालकीण जाऊन तीन वर्सं झाली. मूलबाळ न्हाई. सकाळी निघताना पानी पिऊन तांब्या ओट्यावर ठिवतो. सांजच्याला कुलूप काढलं की तांब्या तितंच. चादर ओढलीय तशीच. चप्पल ठिवलीय तशीच. दिसभरात घरात काडी हलली न्हाई, असं दिसतं बगा. ते दिसलं की झोप उडती. काट्यावर कसं हाय, डायवर येत्यात, खिडकीत डोस्कं घालत्यात. ‘अप्पा, नंबर कवा? अप्पा, इतं जेवाया कुटं मिळंल?’ कुनी तेलंगणाचा असतो, कुनी निलंग्याचा. घडीभर भांडत्यात, निगून जात्यात. पर जाग्यावरची वस्तू हलती. तीन महिने मी त्या तांब्याकडं बगत बसू का?”

मी टंकयंत्रात कागद घातला. प्रथेप्रमाणे ‘सेवेशी सादर’ लिहिले आणि पुढे लिहिले की दुसरी तपासणी होईपर्यंत अर्जदार वजनाच्या यंत्रास हात लावणार नाही. मात्र कामाच्या वेळेत त्यास वजनकाट्याच्या खोलीत नुसते बसू द्यावे. सचोटीचा, निष्कलंक, यांतले काहीही त्यात घातले नाही. पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून, सर्व अशिलांसाठी लिहितो तसा, मी माझ्या टेबलाचाच पत्ता लिहिला. अप्पांनी सही केली.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस अप्पा रोज सकाळच्या एसटीने रेणापूरहून यायचे आणि माझ्या बाकावर बसायचे. उताऱ्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांना खिडकी कुठली ते सांगायचे, म्हाताऱ्यांना बसायला सरकून जागा द्यायचे, माझी खाडाखोड पकडायचे. झेरॉक्सवालाही त्यांच्याशी पुन्हा बोलू लागला. त्या अवधीत माझ्याही ध्यानात आले की सव्वीस वर्षांत माझ्यापाशी माणसे आली ती आपले काम घेऊन आली आणि काम संपताच उठून गेली. दुपारचा डबा मी कोणासमोर बसून खाल्ला, असे त्यापूर्वी झाले नव्हते.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोस्टमनने गिरणीचा लिफाफा माझ्या हाती दिला. अप्पा तेव्हा एका आजीबाईंचा फॉर्म वाचून दाखवत होते. मी लिफाफा उघडला. परवानगी मंजूर होती. त्याच दिवसापासून.

अशिलाचे पत्र अशिलास तत्काळ देणे हे अर्जनवीसाचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्यात मी कधी कसूर केलेली नाही. ते पत्र मी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले, दुपारी दोघांचे डबे उघडले आणि अप्पांना जेवायला हाक मारली. पत्र त्यांना दिले ते जेवण झाल्यावर, चहाही झाल्यावर.